मीटिंग शोधताना...

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी पावसावर चार कविता, आईवर दोन लेख आणि 'हॉस्टेल लाईफ'वर एक विनोदी लेख असतोच असतो. मला ते सगळं आवडतं, मी दरवर्षी वाचते. पण या वेळी एडिटर म्हणाला, "काहीतरी उपयोगी लिही ना." माझ्याकडे उपयोगी म्हणावी अशी एकच गोष्ट निघाली. ती मी गेल्या वर्षभरात शिकले आणि ती कुठल्याच सेमच्या सिलॅबसमध्ये नाही. दारू सोडू पाहणाऱ्या माणसासाठी योग्य मीटिंग कशी शोधायची, ही ती गोष्ट.

मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, थोडक्यात ए.ए.ची. मी बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे हे इंग्लिश नाव मला पिक्चरमुळे माहीत होतं. गोल करून बसलेले गोरे लोक, हातात कागदी कप, वगैरे वगैरे. मराठीत या आजाराला 'मद्यपाश' म्हणतात हे मात्र आत्ता कळलं. पाश! म्हणजे फास. इंग्लिश शब्दात हा फास दिसत नाही. मामाच्या घरी तो मला स्वच्छ दिसला.

हो, मामा. सख्खा मामा. सिडकोत राहतो, अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. हे सगळं मी त्याला विचारून लिहितेय. तो म्हणाला, "लिही, फक्त नाव टाकू नकोस." म्हणून नाव नाही, आणि मीटिंगच्या जागाही मुद्दामच लिहिलेल्या नाहीत. एक दिवस मामी मला फोनवर म्हणाली, "अगं, तू इंजिनीअर होणार आहेस ना? मग एवढं शोधून दे." बस्स. ती माझी असाइनमेंट.

आता आपलं नाशिक म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. एका बाजूला गोदावरी, रामकुंड, त्र्यंबकेश्वर. दुसऱ्या बाजूला 'वाईन कॅपिटल'. १९९९ साली गंगापूर धरणाजवळ सुला सुरू झाली, २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचं खास धोरण आणलं, आणि बघता बघता द्राक्षाचं गाव ग्लासाचंही गाव झालं. कुणी म्हणेल, वाईन वेगळी आणि दारू वेगळी. कायदासुद्धा महाराष्ट्रात बिअर-वाईनला २१ वर्षं आणि बाकीच्या दारूला २५ वर्षं असा फरक करतो. (हॉस्टेलमधल्या किती जणांना हा २५चा आकडा माहीत आहे, कुणास ठाऊक! माहीत असला तरी काय फरक पडतो म्हणा.) लिव्हरला मात्र बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. त्याच्यापर्यंत जे पोचतं ते इथेनॉलच.

आकडे एकदाच देते. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सच्या मदतीने केलेला देशव्यापी सर्व्हे २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ वयातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. त्यातले जवळपास २.९ कोटी लोक तिच्या पूर्ण आहारी गेलेले आहेत. आणि मला सगळ्यात हादरवणारा आकडा हा, की अशा ३८ माणसांमागे एकाच माणसाला कुठल्या तरी स्वरूपात उपचार मिळतो. आपल्या एका प्रॅक्टिकल बॅचपेक्षा जास्त माणसं, आणि त्यातला एक! बाकीचे ३७ कुठे जातात? बरेचसे भिंतीवरच्या जाहिरातींकडे जातात.

त्या जाहिराती तुम्ही नक्की पाहिल्यात. एस.टी. स्टँडच्या मुतारीजवळ, रिक्षाच्या मागे, लाईटच्या खांबावर. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा.' मामीनेही एक पुडी आणली होती, भाजीत टाकायला. ती नेमकी कसली पावडर होती ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण डॉक्टर म्हणाले की अशा पुड्यांत कधी कधी डायसल्फिराम असतं. केमिस्ट्रीवाल्यांनी लक्ष द्या. दारू शरीरात गेली की तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग एका एन्झाइममुळे ते पुढे जाऊन निरुपद्रवी होतं. डायसल्फिराम त्या एन्झाइमलाच अडवतं. अ‍ॅसिटाल्डिहाइड साठत जातं, माणूस लालबुंद होतो, उलट्या, धडधड, बी.पी. खाली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, माणसाला सांगून, त्याच्या संमतीने दिलं तर हे औषध चांगलं आहे. न सांगता दिलं आणि तो वर क्वार्टर पिऊन आला तर जिवावर बेतू शकतं. गंमत म्हणजे हाच पदार्थ रबराच्या व्हल्कनायझेशनमध्ये वापरतात, आणि त्याचा दारूशी असलेला संबंध पहिल्यांदा लक्षात आला तो १९३७ मध्ये, अमेरिकेतल्या रबर कारखान्यातल्या कामगारांना दारू सोसेनाशी झाली तेव्हा. असो, विषय भरकटला. मुद्दा एवढाच, की नकळत काही करायचं नाही. मामीची पुडी कचऱ्यात गेली.

दुसरी गोष्ट मीटिंगच्याही आधीची, आणि मला वाटतं सगळ्या लेखात हीच सगळ्यात महत्त्वाची. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने 'उद्यापासून बंद' म्हणून घरी एकदम बंद करणं धोक्याचं असतं. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, इथपर्यंत लोकांना माहीत असतं. पण पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही जणांना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. यात माणूस दगावूही शकतो. त्यामुळे आधी डॉक्टर. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखवता येतं, खाजगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. मामाला पाच दिवस अ‍ॅडमिट केलं, औषधं आणि बी-वन व्हिटॅमिन दिलं. मीटिंग हे हॉस्पिटल नाही, तिथे सलाईन लावत नाहीत. अंगातली दारू उतरते पाच-सात दिवसांत, पण डोक्यातली उतरायला मीटिंग लागते.

कुणाला डॉक्टरकडे जायच्या आधी नुसतं बोलायचं असेल, तर सरकारची व्यसनमुक्तीची टोल-फ्री हेल्पलाईन आहे, १४४४६. मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून टेली-मानस आहे, १४४१६.

आता ए.ए. काय आहे ते. ही कथा मला फार आवडते, कारण तीसुद्धा एका शोधाचीच आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात गेला होता. पिणं सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. काम फिसकटलं. खिशात पैसे नाहीत, ओळखीचं कुणी नाही, शनिवार संध्याकाळ. हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बार, आतून हसण्याचे आवाज. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि तिथे गावातल्या चर्चची यादी. त्याच्या लक्षात आलं, की आत्ता मला वाचवू शकेल तर दुसरा एखादा दारुडाच. मग त्याने यादीतून फोन लावायला सुरुवात केली. अशा फोनांमधून शेवटी डॉ. बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत गाठ पडली. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटं देतो. बसले ते रात्री अकरा वाजून गेले तरी बोलतच होते. कारण आयुष्यात पहिल्यांदा समोरचा माणूस उपदेश करत नव्हता, आपलीच कहाणी सांगत होता. डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ ला. तोच ए.ए.चा स्थापना दिवस मानतात. भारतात ए.ए. १९५७ पासून आहे. देशाचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे.

तेव्हापासून मशीनचा मूळ भाग बदललेला नाही : एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलतो. बाकी सगळं त्याच्याभोवतीचं फिटिंग. सभासद व्हायला अट एकच, पिणं सोडायची इच्छा. फी नाही. रजिस्टर नाही. (अटेंडन्स नाही!! ७५ टक्क्यांची भानगड नाही!! हे ऐकून माझ्या रूममेटला ए.ए.बद्दल एकदम आदर वाटू लागला.) शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जे वाटेल ते टाकतो, त्यातून चहा आणि भाडं निघतं. बाहेरच्या माणसाकडून देणगी घेत नाहीत. आडनाव कुणी विचारत नाही. जे तिथे ऐकलं ते तिथेच ठेवायचं.

मीटिंग शोधायचं काम सोपं आहे असं मला वाटलं होतं. गाव, वार, वेळ, पत्ता, झालं. ए.ए.च्या हेल्पलाईनवर फोन केला. पलीकडे पगारी ऑपरेटर नव्हता, स्वतः कित्येक वर्षं न प्यालेला एक सभासद होता. त्याने मला उलट प्रश्न विचारले. "पेशंट तुमचे कोण? त्यांना यायचंय, की तुम्हाला त्यांना आणायचंय?" हा प्रश्न चांगलाच होता. मग म्हणाला, "त्यांनाच फोन करू द्या." मामाने दोन दिवस फोन हातात घेऊन खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी केला. मी आणि मामी किचनमध्ये उभ्या राहून कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो. वीस मिनिटं बोलला.

मीटिंग दोन तऱ्हेच्या असतात. क्लोज्ड मीटिंगमध्ये फक्त पिण्याचा प्रश्न असलेले. ओपन मीटिंगला नातेवाईक, मित्र, विद्यार्थी, कुणीही बसू शकतं. पहिल्यांदा ओपन बघितली तर सोबत जाता येतं, म्हणून आम्ही ओपन निवडल्या.

पहिली घराजवळची होती. चालत सात मिनिटं. इंजिनीअरिंगच्या हिशोबाने परफेक्ट. पण गेटपाशीच मामा थबकला. आत खुर्च्या लावणाऱ्यांत त्याच्या कंपनीतला, त्याच लाईनवरचा एक माणूस होता. मामा तसाच मागे फिरला. आता हे सगळ्या शॉपमध्ये होणार, सुपरवायझरला कळणार, असं त्याच्या डोक्यात. मी म्हटलं, "अरे मामा, तोही तिथे होताच ना, मग तो कुणाला काय सांगणार?" लॉजिकली बरोबर. पण भीतीला लॉजिक कळत नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीत तो माणूस भेटला, आणि एवढंच म्हणाला, "जेवलास का?" तेवढंच. त्याने अजूनपर्यंत कंपनीत एक अक्षर काढलेलं नाही. 'अनामिक' म्हणजे काय ते मामाला त्या दिवशी कळलं, पण त्या ग्रुपला तो पुन्हा गेला नाही ते नाहीच. यातून मी एवढंच सांगेन की सगळ्यात जवळची मीटिंग हीच सगळ्यात सोयीची असेल असं नाही. काहींना ओळखीच्या गल्लीतच बळ येतं. काहींना आधी दोन बस बदलून, अनोळखी लोकांत बसावंसं वाटतं. दोन्ही ठीक.

दुसरी मीटिंग शहराच्या दुसऱ्या टोकाला. सिटीलिंकची बस, द्वारकेच्या सिग्नलला पंचवीस मिनिटं, आणि वर रिक्षा. ही मीटिंग मला स्वतःला सगळ्यात आवडली! शिस्तीत, वेळेवर, पुस्तकाचं वाचन इंग्लिशमध्ये, शेअरिंग थोडं इंग्लिश थोडं हिंदी. बरेचसे रिटायर्ड, बँकेतले, एक दोन फौजेतले. काय सुंदर बोलत होते! मी भारावून गेले. बाहेर आल्यावर मामाला विचारलं, "कशी वाटली?" तो म्हणाला, "चांगली माणसं आहेत गं. पण मी परीक्षेला बसल्यासारखा बसलो होतो." सव्वा तासात तो एक शब्द बोलला नव्हता. जी मीटिंग शोधणाऱ्याला आवडते, ती पिणाऱ्याला लागू पडेलच असं नाही, हे तेव्हा समजलं. माणूस रडतो कुठल्या भाषेत, शिव्या देतो कुठल्या भाषेत, त्या भाषेतली मीटिंग बघावी. माझी प्रार्थनेची भाषा शाळेमुळे इंग्लिश झाली. मामाची नाही.

मध्ये एक वाईट गोष्ट झाली. हॉस्पिटलनंतर ४३ दिवस निघाले होते, आणि पगाराच्या दिवशी मामा प्याला. दुसऱ्या मीटिंगनंतर आठच दिवसांनी. मामीने मला फोन केला नाही, मला दोन दिवसांनी कळलं. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मामेभाऊ सातवीत आहे, तो अभ्यासाला शेजारी जाऊन बसायचा. अशा वेळी घरच्यांना वाटतं की झालं, संपलं, मीटिंगचा काही उपयोग नाही. मी हेल्पलाईनवाल्या काकांना सांगितलं. ते जराही चकित झाले नाहीत. म्हणाले, "दवाखाना बंद झालेला नाही ना? मग आज संध्याकाळी या."

तिसरी मीटिंग ही अशी, प्यायल्यानंतरची. जागा साधी, एका शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली. फळ्यावर अर्धवट पुसलेली वजाबाकी. सगळं मराठीत, अधूनमधून अहिराणीत. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले बरेच, एक रिक्षावाले, एक भाजीचे व्यापारी, एक शिक्षक. सुरुवातीला चेअरवरच्या माणसाने थोडं वाचून दाखवलं, मग एकेक जण बोलायला लागला. कुणी कुणाला मध्ये तोडत नाही, सल्ला देत नाही, 'तू असं कर' म्हणत नाही. एक गृहस्थ पगाराच्या दिवसावर बोलले. त्यांच्या कंपनीपासून घरी जायला दोन रस्ते, एकावर त्यांचा नेहमीचा बार. पगार बँकेत जमा व्हायला लागला तरी पाय त्याच रस्त्याला. मग त्यांनी एटीएम कार्ड बायकोकडे दिलं, आणि पगाराच्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने एका सभासदाच्या घरी चहाला जायचं ठरवून टाकलं. बस्स, एवढीच गोष्ट. मी मामाकडे बघितलं. तो मान खाली घालून बाकावर नखाने रेघा ओढत होता. त्याची पाळी आली तेव्हा त्याने नाव सांगितलं आणि म्हणाला, "परवा प्यालो." कुणी 'अरेरे' केलं नाही. टाळ्या वाजल्या, आल्याबद्दल.

फिट बसली ती ही. का बसली, ते मी नंतर खूप विचार करून काढलंय. भाषा. कामाचं आणि पगाराचं एकसारखं जग. शिफ्ट. हो, शिफ्ट हा फार मोठा मुद्दा आहे, तो कुणी लक्षातच घेत नाही. मामाला दर आठवड्याला शिफ्ट बदलते. सेकंड शिफ्टला संध्याकाळी सातची मीटिंग म्हणजे अशक्य. या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांची तीच अडचण, त्यामुळे रविवारी सकाळीही बसतात. ज्याला सेकंड शिफ्ट आहे त्याला कुणीतरी दुपारी फोन करतं. दोन-तीन जुन्या सभासदांचे नंबर मामाकडे आहेत, नुसती पहिली नावं. त्यातला एक त्याचा स्पॉन्सर. स्पॉन्सर म्हणजे पैसे देणारा नव्हे! आपल्या आधी या रस्त्याने गेलेला, रात्री साडेअकराला फोन केला तरी न चिडणारा माणूस.

एका रीडिंगवरून आपण ग्राफ काढत नाही. लॅबमध्ये निदान पाच-सहा घेतो, तेव्हा कुठे लाईन दिसते. इथेही तसंच आहे. एक मीटिंग बघून 'हे आपल्यासाठी नाही' ठरवू नये. निदान सहा बघाव्यात, असं ही मंडळीही नवीन माणसाला सांगतात. एकच ग्रुपसुद्धा दर वेळी वेगळा असतो, कारण बोलणारा वेगळा.

देवाचं काय, हा प्रश्न हॉस्टेलवर मला दोघींनी विचारला. ए.ए.च्या बारा पायऱ्या आहेत, त्यात 'आपल्यापेक्षा मोठी शक्ती' येते, शेवटी प्रार्थना होते, आणि बऱ्याच मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये भरतात. त्यामुळे लोकांना वाटतं की हे ख्रिश्चनांचं काहीतरी आहे. नाही. हॉल भाड्याने किंवा प्रेमाने मिळतो म्हणून तिथे. मी शाळेत रोज सकाळी प्रार्थना केलेली मुलगी, मला त्यात वावगं वाटलं नाही. मामा वारकरी घरातला, तो विठ्ठलाला धरून बसतो. आणि त्याच्या बाकावरचे शिक्षक चक्क नास्तिक आहेत, ते म्हणतात, "माझी मोठी शक्ती म्हणजे हा वर्ग." तरीही कुणाला हे पटलंच नाही तर जबरदस्ती नाही, दुसरे रस्ते आहेत. पुण्याचं मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये सुरू केलं, पु.ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीतून. तिथे राहून उपचार घेता येतात आणि नंतर पाठपुराव्याच्या ग्रुपना जाता येतं. बायकांसाठी वेगळा गट आहे, त्याला 'सहचरी' असं फार छान नाव आहे. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. तिथे बारा पायऱ्यांना अय्यंगारांच्या योगाची जोड आहे. एका चर्चमध्ये सुरू झालेल्या कामात योगासनं! मला हे कॉम्बिनेशन भारी वाटतं.

'याने खरंच फरक पडतो का, की नुसती भावनिक गोष्ट?' असं विचारणारे आपल्या कॉलेजात असणारच. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेचा आढावा आला. २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं. ज्या उपचारात माणसाला पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून दिलं, त्यातले ४२ टक्के वर्षभराने पूर्ण कोरडे होते. इतर मान्यताप्राप्त उपचारांत ३५ टक्के. म्हणजे जादू नाही. निम्म्याहून जास्त लोक तरीही पितात. पण फुकट असलेली गोष्ट महागड्या उपचाराच्या बरोबरीने किंवा पुढे जाते, हे काही कमी नाही.

एक सावधगिरी. ए.ए.च्या नावाने कुणी पैसे मागितले, अ‍ॅडमिशन करा म्हटलं, तर ते ए.ए. नाही. ए.ए. हॉस्पिटल किंवा केंद्र चालवत नाही. व्यसनमुक्ती केंद्र शोधत असाल तर नोंदणी आहे का विचारा (२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती लागते), डॉक्टर रोज येतात का विचारा, नातेवाइकांना भेटू देतात का विचारा. मामीने एका ठिकाणी फोन केला तर ते म्हणाले, "गाडी पाठवतो, रात्री उचलून नेऊ." माणूस आहे का सिलिंडर?

मामीबद्दल थोडं लिहिते, कारण तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन म्हणून वेगळी संघटना आहे, १९५१ पासूनची. बिल विल्सनची बायको लोइस तिच्या संस्थापकांपैकी एक. मामी म्हणाली, "पितो तो, आणि मीटिंगला मी का जाऊ?" दोन महिने गेली नाही. गेली ती मला सोबत घेऊन. तिथे तिला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं, की त्याच्या पिण्याचं कारण तू नाहीस, त्याच्यावर पहारा ठेवून ते थांबणार नाही, आणि तू त्याला बरा करू शकत नाहीस. सोळा वर्षं ती बाटल्या शोधत होती, माळ्यावर, पाण्याच्या टाकीत, स्कूटरच्या डिकीत. कंपनीत 'ताप आलाय' म्हणून खोटे फोन करत होती. आता करत नाही. मामा प्याला त्या दिवसानंतर तिने कंपनीत फोन केलाच नाही, त्याला स्वतःला करायला लावला. मला वाटतं, मामा त्या संध्याकाळी मीटिंगला आला त्यात या एका न केलेल्या फोनचा वाटा मोठा आहे.

आता आपल्याबद्दल. हॉस्टेलमधल्या कुणाला स्वतःबद्दल शंका येत असेल, तर मोठा गाजावाजा न करता जाता येतं. अमुक इतकी प्यायलीच पाहिजे अशी पात्रता नाही. वीस वर्षांच्या मुलाला पन्नाशीच्या लोकांत बसून 'मी यांच्यासारखा नाही' असं वाटणार. मीटिंगमधले बरेच काकाही पहिल्या दिवशी हेच म्हणाले होते, त्यांच्याचकडून ऐकलंय. आपल्या वयाची माणसं हवी असतील तर ऑनलाईन मीटिंग आहेत, २०२० च्या लॉकडाऊनपासून खूप वाढल्या. मराठी, हिंदी, इंग्लिश, सगळ्या मिळतात. कॅमेरा बंद ठेवता येतो. मुलींसाठी हे विशेष सोयीचं, कारण प्रत्यक्ष मीटिंगमध्ये बायका कमीच दिसतात. पुरुष प्यायला तर बिचारा, बाई प्यायली तर... पुढचं तुम्हाला माहीत आहे. फोन करताना बायकांची मीटिंग आहे का हे सरळ विचारावं.

ही गोष्ट फक्त विद्यार्थ्यांची नाही. मेसमधले, गेटवरचे, ऑफिसमधले, शिकवणारे, कुणाच्याही घरी मामा असू शकतो. ऑफिसमधल्या एका काकांनी मला, मी कशावर लिहितेय हे कळल्यावर, झेरॉक्स मशीनपाशी हळूच विचारलं, "रविवारची असते का एखादी?" मी असते म्हटलं. पुढे त्यांनी काही विचारलं नाही, मीही नाही.

आणि लेट पासचं. बहुतेक मीटिंग संध्याकाळी सात ते साडेआठ असतात आणि आमच्या हॉस्टेलचं गेट आठला बंद होतं. पासवर कारणाचा रकाना असतो. तिथे मी 'कौटुंबिक' एवढंच लिहायचे. रेक्टर मॅडमनी एकदा वर बघितलं, आणि वेळ साडेनऊची करून दिली.